कुकडीकाठचे गुप्तधन

गुप्तधन म्हटले की मराठी मनाला पहार, अमावास्या आणि शेताचा कोपरा आठवतो. सापडलेला ठेवा कोणाचा, हा प्रश्न ब्रिटिश सरकारलाही पडला होता. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. या जुन्या वेडाचा एक निरुपद्रवी नवा अवतार मे २००० मध्ये जन्मला. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक अमेरिकन सरकारने काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातील एका रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू. सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, बदल्यात दुसरी ठेवावी, वहीत नाव लिहावे. हेच जिओकॅशिंग. पुढे अनेक शहरांत कालव्याकाठी, विज्ञानकेंद्रांच्या आसपास अशा डब्या लपवल्या गेल्या.

आमच्या जुन्नर तालुक्यात हा खेळ मांडायचा तर जागांची वाण नाही. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे पाणी नेतो. नारायणगावाजवळ आर्वीचे उपग्रह भूकेंद्र १९७०च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले, त्याला विक्रम साराभाईंचे नाव आहे. आळेफाट्याहून राजुरी-बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेस खोडद आणि बोरी ही दोन गावे आहेत. पण याच दोन ठिकाणी खेळाचे नियम अडखळतात.

खोडदची दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीने आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आकाशातील एकच लहर प्रत्येक तबकडीवर किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते. तो फरक मोजायचा तर तबकडीची जागा काटेकोर ठाऊक हवी. म्हणजे अक्षांश-रेखांशावर जगणारे शोधक इथे आधीपासूनच आहेत. त्यांना हवी ती शांतता मात्र डोंगरांच्या आडोशामुळे मिळते, आणि डबी शोधायला आलेल्या माणसाच्या हातातला मोबाइल ती शांतता भंगू शकतो. या शांततेची किंमत परिसराने मोजली आहे. नारायणगावावरून जाणारा पुणे-नाशिक रेल्वेचा आराखडा दुर्बिणीला बाधा येईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला. इथल्या माणसांची नाराजी मला समजते, आणि तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो.

बोरीची गोष्ट याहून नाजूक आहे. कुकडीच्या काठावर १९८०च्या दशकात अभ्यासकांना ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याचाच असला तरी ही राख त्याच्याशी संबंधित नाही, ती फार अलीकडची. परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारेही मिळाली, त्यामुळे राखेचे वय म्हणजे इथल्या आदिमानवाच्या कालगणनेचे एक माप ठरणार होते. आरंभीच्या मापनात ते सुमारे चौदा लाख वर्षे आले, नंतरच्या एका मापनात पावणेसात लाखांच्या जवळपास. राखेच्या रसायनावरून इतरांनी तिचा संबंध सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडला. अक्षांश-रेखांश एकच, काळ मात्र तीन!

हा वाद ज्या पुराव्यावर चालतो तो थरांच्या क्रमात आहे. एक दगड उचलला आणि ‘बदल्यात’ दुसरा ठेवला, तर डबीच्या खेळात तो शिष्टाचार ठरेल. इथे मात्र पुराव्याचे पानच फाटेल. दगड घरी नेणाऱ्याला हत्यार मिळते, त्याचा काळ मिळत नाही. विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या प्राध्यापकांनी तरी हे ध्यानी घ्यावे. आपल्याकडे ‘आठवण म्हणून’ उचलण्याची सवय फार.

खेळाने स्वतःच एक वाट काढली आहे. भूवैज्ञानिक स्थळांसाठी २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आला. त्यात डबी नसते. जागेवर जायचे, न्याहाळायचे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. बोरीच्या काठासाठी मी प्रश्न असा ठेवीन: समोरची राख आकाशातून पडली तशीच साचली आहे, की नदीने दुसरीकडून वाहून आणून इथे टाकली आहे, आणि हे तुम्ही थराच्या कोणत्या खुणेवरून सांगता?