चित्राभोवतीच्या कोऱ्या जागेची कुळकथा

छापील पानावर चित्र, चौकट किंवा कोष्टक आले की भोवतालचा मजकूर अदबीने थोडा मागे सरून उभा राहतो. आज संगणकावर क्षणार्धात साधणाऱ्या या रीतीचे कूळ मुद्रणकलेहूनही प्राचीन आहे.

ताडपत्राच्या पोथीत दोरी ओवण्यासाठी भोक पाडीत, आणि दोरीच्या घर्षणाने अक्षरे झिजू नयेत म्हणून लेखनिक त्या भोकाभोवती थोडी जागा कोरी राखीत असे. पुढे पश्चिम भारतातील जैन ग्रंथभांडारांत कागद रूढ झाला, सुट्या पानांना दोरीची गरज उरली नाही. तरीही पानाच्या मध्यभागीची ती जागा लेखनिकांनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे कायम ठेवली आणि कित्येकदा तीत तांबडे वर्तुळ वा नक्षी काढून तिला अलंकाराची प्रतिष्ठा दिली.

खिळ्यांच्या छपाईत हीच कोरी जागा वजनदार झाली. लोखंडी चौकटीत पान घट्ट आवळायचे तर आत रिकामे काहीच ठेवून चालत नसे. म्हणून खिळ्यांहून उंचीने कमी, अतएव शाई न लागणारे, शिशाचे आणि लाकडाचे तुकडे जुळाऱ्याला चित्राच्या ठोकळ्याभोवती बसवावे लागत. चित्राच्या शेजारून मजकूर न्यायचा असेल तर तेवढ्या ओळी आखूड मापावर जुळवाव्या लागत, आणि ठोकळा जरा हलवायचा ठरला की त्या सर्व मोडून पुन्हा जुळवण्याचे श्रम पडत. या श्रमांमुळेच प्रत्येक कोऱ्या पट्टीमागे कोणाचा तरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असे.

जुलै १९८५ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या आल्डस कंपनीने, पॉल ब्रेनर्ड यांच्या नेतृत्वाखाली, मॅकिंटॉश संगणकासाठी ‘पेजमेकर’ ही पाने लावण्याची प्रणाली बाजारात आणली; १९८७ मध्ये ‘क्वार्कएक्सप्रेस’ आले; आणि चित्राभोवती अदृश्य सीमारेषा आखून मजकूर तिच्याबाहेरून आपोआप वळवण्याची सोय या प्रणालींतून जसजशी रुळली, तसतशी शिशाच्या पट्टीची जागा चित्र आणि मजकूर यांतील अंतराच्या एका आकड्याने घेतली. क्वार्कएक्सप्रेसमध्ये हा आकडा मुळात १ पॉइंट, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, असे. १९९९ मध्ये आलेल्या ‘इनडिझाइन’मध्ये तो मुळात शून्यच असतो. तो वाढवण्याची पूर्ण मुभा आहे. परंतु घाईच्या कामात ती मुभा अनेकदा वापरली जात नाही, आणि अक्षरे चित्राच्या कडेला चिकटून वाचकाचा डोळा अडखळतो.

मराठी पानावर तर हा आकडा अधिकच काळजीने ठरवावा लागतो. वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर चढतात, उकार ओळीखाली उतरतात; त्यामुळे चारही बाजूंना समान अंतर नोंदवले तरी चित्राच्या वरची आणि खालची जागा डोळ्यांना अरुंद भासते. शेजारचा स्तंभ फार आखूड झाला, तर दोन्ही कडा सरळ राखण्याच्या आग्रहापायी आपले लांब सामासिक शब्द ओळीत भलत्याच फटी पाडतात.

म्हणून मराठी पाने लावणाऱ्यांना विनंती एवढीच, की यंत्राने सुचवलेला आकडा अंतिम मानू नये. पानाचे मुद्रित काढून, ते वाचनाच्या अंतरावर धरून, चित्राभोवतीची जागा आपल्या डोळ्यांनी निश्चित करावी.