रक्तवाहिन्यांना बोलावणारा रेणू : व्हीईजीएफच्या शोधाचा इतिहास

पेशींना ऑक्सिजन रक्तातून मिळतो. त्यामुळे ऊती वाढू लागली की तिच्यात नव्या केशवाहिन्या याव्याच लागतात. त्यांना कोण बोलावते?

१९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी दृष्टिपटलातील वाहिन्यांचा अभ्यास करून सुचवले की, ऊतीतून पसरणारा एखादा रासायनिक घटक त्यांना वाढवत असावा. १९७१ मध्ये बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी कर्करोगाबाबत असाच विचार मांडला. शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या अवयवात गाठ एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढून थांबते, हे त्यांनी पाहिले होते. नव्या वाहिन्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. पण घटक हाती नसल्याने अनेकांनी ते मानले नाही. गाठीभोवतीच्या वाहिन्या म्हणजे केवळ दाह, असा आक्षेप होता.

१९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्व्होरॅक यांना गाठींच्या द्रवात एक प्रथिन सापडले. त्याने वाहिन्या पाझरू लागत, म्हणून नावही तसेच पडले : वाहिनी-पारगम्यता घटक. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी गाईच्या पीयूषिका ग्रंथीतील पेशींपासून वेगळेच वाटणारे प्रथिन मिळवले. ते वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींचे विभाजन घडवी. त्याला व्हीईजीएफ हे नाव मिळाले. जनुकांचा क्रम वाचल्यावर उलगडा झाला : दोन्ही प्रथिने एकच होती! एका गटाने पाझर मोजला, दुसऱ्याने वाढ. म्हणून एकाच रेणूला दोन नावे पडली.

त्याचे कार्य असे चालते. ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ अधिक प्रमाणात स्रवतात. तो जवळच्या वाहिनीच्या अस्तरपेशींवरील ग्राहींना जुळतो. त्या पेशी खालचा आधारपटल विरघळवतात, विभागतात, व्हीईजीएफ जिकडे अधिक तिकडे सरकतात आणि नवी नलिका तयार होते. १९९६ मध्ये दिसून आले की, या जनुकाची दोनपैकी एक प्रत जरी नसली तरी उंदराचा भ्रूण जगत नाही.

२००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेले. म्हणजे लाभ खरा होता, पण मर्यादित. डोळ्यात मात्र यश मोठे होते. २००६ मध्ये मंजूर झालेल्या रॅनिबिझुमॅबने वृद्धांच्या दृष्टिपटलाच्या एका विकारात अनेकांची दृष्टी वाचली. मायकेलसन यांनी ज्या दृष्टिपटलात हा प्रश्न विचारला होता, तिथेच त्याच्या उत्तराचा सर्वाधिक उपयोग झाला.