शोधूनहि न सांपडणारे शब्द

विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर रोग्यास देतां आलें नाहीं, कीं ‘याची स्मृति गेली’ असें म्हणून आपण मोकळे होतों. हें बोलणें घाईचें आहे, असें हंटिंग्टनच्या रोगाचा इतिहास वाचल्यापासून आम्हांस वाटूं लागलें आहे.

अमेरिकेच्या लाँग आयलंड बेटावर ईस्ट हॅम्प्टन गांवीं हंटिंग्टन घराण्यांत वैद्यकी पिढीजात होती. नातू जॉर्ज लहानपणीं बापाबरोबर गाडींतून जात असतां रानवाटेवर दोन उंच, हडकुळ्या मायलेकी, अंगास आळेपिळे देत, तोंडें वेडींवांकडीं करीत अकस्मात् समोर आल्या. तें दृश्य तो विसरला नाहीं. १८७२ सालीं त्यानें या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. रोग आईबापांकडून येतो, बहुधा प्रौढपणीं उद्भवतो, बुद्धीसहि ग्रासतो. मात्र एखादें मूल त्यांतून सुटलें तर त्याच्या वंशांत तो पुन्हां उगवत नाहीं, असें त्यानें सांगितलें. एका वैद्याच्या आयुष्यांत इतकें दिसणें कठीण. आजा-बापांनीं पाहून ठेवलेलें हाताशीं होतें म्हणून त्याला दिसलें. चौथ्या गुणसूत्रावरील सदोष जनुक पुढें १९९३ सालीं सांपडलें.

बुद्धि कशी ढासळते, याची बारीक तपासणी होण्यास मात्र शंभर वर्षें लागलीं. रोग्यास शब्दांची यादी पुन्हां पुन्हां वाचून दाखवितात आणि आठवेल तेवढी म्हणावयास सांगतात. तो थोडेच शब्द म्हणतो. दर फेरीस भर पडते तीहि मंद. परंतु एकेक शब्द उच्चारून ‘हा यादींत होता काय?’ असें विचारलें, तर आरंभीच्या अवस्थेंत तरी त्याचीं उत्तरें पुष्कळ सुधारतात. म्हणजे शब्दांपैकीं बरेच आंत पोंचलेले असतात; ते हुडकून काढण्याची शक्ति क्षीण झालेली असते. १९८४ सालच्या एका प्रयोगांत तर नवलच दिसलें. आरशांत दिसावीं तशीं उलटीं अक्षरें वाचण्याचा सराव या रोग्यांस नीट साधेना, पण वाचलेले शब्द ते बऱ्यापैकीं ओळखीत. उलट अतिमद्यपानानें स्मृति बिघडलेल्यांस तो सराव साधला, शब्द मात्र ओळखूं येईनात!

यावरून सर्व आलबेल आहे असें कोणी समजूं नये. रोग वाढला म्हणजे ओळखहि डळमळते. शिवाय आईबापांपैकीं एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो, त्यामुळें उशाशीं बसलेला मुलगा वडिलांच्या चेहऱ्यांत स्वतःचें भविष्य पाहत असतो. ‘काल कोण आलें होतें?’ या त्याच्या प्रश्नावर वडील गप्प राहतात. ‘मामा आले होते ना?’ असें विचारलें, तर कदाचित् ते मान डोलावतील.