किल्लारीच्या भूकंपाची नोंद कशी टिकेल?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांची सीमा जिथे भिडते तिथे जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी ही गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली.

या भूकंपाची तीव्रता किती होती, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर पुस्तकागणिक बदलते. कोणी ६.२ लिहितात, कोणी ६.४. यात कोणी खोटे बोलत नाही. भूकंपमापक यंत्र हा आकडा थेट देत नाही. ते फक्त जमिनीची हालचाल आलेखून ठेवते. त्या आलेखातल्या कोणत्या लहरी घेतल्या आणि कोणते सूत्र वापरले, त्यावर आकडा ठरतो. उद्या सूत्र सुधारले तर गणित नव्याने करता येईल. मात्र मूळ आलेख हाती हवा. आकडा राहिला आणि आलेख गेला, तर तपासायला काहीच उरत नाही.

हा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजला जात होता. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. असे नकाशे मुख्यतः जुन्या भूकंपांच्या नोंदींवरून काढतात. इथल्या मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, म्हणून धोकाही नाही असे धरले गेले. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते, लोक घाबरून घराबाहेर झोपत होते, तरी नकाशा तोच राहिला. तो बदलला २००२ मध्ये. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

जुनी नोंद मात्र जवळच पडून होती, फक्त ती कागदावर नव्हती. किल्लारीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, त्याच तेरणा नदीकाठी, तेर हे गाव आहे. सातवाहनकाळातले तगर ते हेच. भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन या भूशास्त्रज्ञाने तिथल्या नदीकाठच्या दरडी तपासल्या. थरांत त्यांना जुन्या भूकंपाच्या खुणा दिसल्या; सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. खंडाच्या पोटातल्या अशा भूभागात एका मोठ्या भूकंपापासून दुसऱ्यापर्यंत हजारो वर्षे जाऊ शकतात. म्हणजे १९९३ च्या नोंदी ज्यांच्या खऱ्या कामाच्या, ते वाचक अजून जन्मायचे आहेत. दहावीस वर्षे टिकणारी साठवण इथे पुरत नाही.

कागदाची बाजू आधी पाहू. जुन्या यंत्रांत काजळी धरलेल्या किंवा छायाचित्रणाच्या कागदावर रेघ उमटत असे. कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, पण उरलेला तुकडा डोळ्यांना वाचता येतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ रोजी एका प्रचंड चुंबकीय वादळाचे वाचन घेतले. ते आकडे छापील तक्त्यांत बसून राहिले. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी ते पुन्हा काढून वादळाचा जोर मोजला. चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने उतरले होते. तक्ते वाचायला कोणतेही यंत्र लागले नाही.

आता अंकीय नोंद. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने हवामान खात्याच्या दहा भूकंप वेधशाळांत १९९६-९७ च्या सुमारास नवी अंकीय यंत्रे बसली. पुणे त्यांतलेच एक. अशा यंत्रात जमिनीच्या हालचालीचा विद्युत्दाब होतो आणि तो सेकंदाला ठरावीक वेळा मोजून आकड्यात लिहिला जातो. गणित मुलांकडून करवून घ्यावे असे आहे. सेकंदाला २० वाचने आणि तीन दिशा धरल्या तर दिवसाला ५१,८४,००० आकडे होतात. एका आकड्याला चार बाइट धरले तर दोन कोटी सात लाख बाइट. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर हे उतरवायचे तर रोज पंधरा फ्लॉपी! आणि आज ती फ्लॉपी घालायला यंत्र शोधत फिरावे लागते.

माध्यम टिकले तरी काम संपत नाही. समजा, फाइलमध्ये ‘४१२’ असा आकडा सापडला. हे ४१२ कशाचे? यंत्र कोणते, त्याचा एक अंक म्हणजे किती हालचाल, घड्याळ किती पुढे-मागे होते, वेधशाळा नेमकी कुठे होती, बाइटांचा क्रम कोणता? ही माहिती सोबत नसेल तर तो आकडा नुसताच आकडा. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या शेवटी भूकंपशास्त्रज्ञांनी ‘सीड’ नावाची आंतरराष्ट्रीय मांडणी ठरवली. तिच्यात वाचनांबरोबर यंत्राचे वर्णनही त्याच फाइलमध्ये बांधलेले असते. मला तरी हा शोध यंत्राइतकाच मोलाचा वाटतो, जरी त्याचे कौतुक फारसे कोणी करीत नाही.

हे न केल्यास काय होते, याचा दाखला चंद्रावरून मिळतो. अपोलो मोहिमांनी ठेवलेली भूकंपमापके १९६९ ते १९७७ या काळात चंद्रकंपांची नोंद पाठवीत होती. पुढे त्या चुंबकीय टेपा जुन्या झाल्या, काही हरवल्या. टेक्सास विद्यापीठातील योशिओ नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हाती असलेल्या टेपा नव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. काम कंटाळवाणे, नाव न मिळणारे. पण त्याच आकड्यांवर नव्या पद्धती चालवून २०११ मध्ये चंद्राच्या गाभ्याचा आकार काढता आला. १९७७ मध्ये हे गणित करण्याची पद्धतच नव्हती.

किल्लारीला भूकंपानंतर काही दिवसांतच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह तात्पुरती यंत्रे लावून पश्चात धक्के टिपले. पुढे याच संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधन केले. ३३८ मीटरवर लाव्हाचे थर संपले आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. त्या खडकातल्या भेगा आणि पश्चात धक्क्यांच्या जागा एकमेकींशी कशा जुळतात, हे पुढे कोणाला नव्याने ताडायचे असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतील. आणि त्यांतली एक १९९३ च्या संगणकाच्या भाषेत आहे.