मुंबई ते लंडन : अंतर आणि काळ

मुंबई आणि लंडन या शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर बदलत नाही. बदलतो तो काळ. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोचले. जेथे आगबोटीला आठवडे लागत, तेथे दोन दिवस पुरले. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला. आज हा प्रवास कोठेही न थांबता दहा तासांच्या आसपास होतो. आकाशात उंचावर पश्चिमेचे वारे जोरकस असल्याने जाताना वेळ अधिक लागतो, येताना कमी.

परंतु काळाची ही बचत विनामूल्य लाभलेली नाही. तेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनीव्हाच्या वाटेवर माँ ब्लां पर्वतावर आदळले. अठ्ठेचाळीस जण मृत्यू पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे जेट विमान त्याच पर्वतावर कोसळले; ११७ मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. वेळापत्रकातील तास मोजताना या दोन तारखांचेही स्मरण असावे.