अरबी समुद्र, नोव्हेंबर 1966

नॉर्वेतल्या सँडेफ्योर्ड या बंदरात देवमाशांच्या शिकारीचा जागतिक हिशेब ठेवणारे सांख्यिकी कार्यालय होते. शिकार करणाऱ्या प्रत्येक देशाने आपल्या हंगामाचे आकडे तिथे कळवायचे: कोणती जात, नर की मादी, लांबी किती, कुठे आणि केव्हा मारला. आकडे छापून येत आणि पुढे किती शिकार होऊ द्यायची याची चर्चा त्यांच्याच आधारे होई. या हिशेबावर विश्वास ठेवला, तर 1966 साली सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात एकही हंपबॅक देवमासा मारलेला नाही.

दुसरा कागद 31 वर्षांनी छापला गेला. 1997 साली 'मरीन इकॉलॉजी प्रोग्रेस सिरीज' या शास्त्रीय नियतकालिकात ओडेसाचे जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांचा लेख आला. सोव्हिएत शिकारी तांड्यांवर त्यांनी स्वतः काम केले होते. त्यांच्या नोंदींनुसार एकट्या नोव्हेंबर 1966 मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर 238 हंपबॅक मारले गेले: 126 नर आणि 112 माद्या. आदल्या वर्षीचे आणखी चार धरून एकूण 242.

या दोन कागदांपैकी खरा कोणता, हे ठरवण्याआधी ते जन्मले कसे ते पाहायला हवे.

'स्लावा' आणि 'सोव्हेत्स्काया उक्राईना' ही ओडेसाची कारखाना-जहाजे. सोबतीच्या लहान बोटी हार्पूनने शिकार करत आणि मेलेला प्राणी मुख्य जहाजाकडे ओढून आणत. तिथे तो मागच्या उतरणीवरून वर घेतला जाई आणि डेकवर त्याची चरबी सोलली जाई. सोलण्याआधी जीवशास्त्रज्ञ टेप लावत. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पात्यांमधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी घ्यायची, लिंग नोंदवायचे, जठर उघडून आत काय आहे ते पाहायचे, मादी असेल तर अंडाशय तपासायचे आणि गर्भ असला तर त्याचीही लांबी घ्यायची. हे सगळे रक्ताने निसरड्या झालेल्या लाकडावर, सोलणाऱ्यांच्या घाईत उरकायचे. ही खरी नोंद मायदेशी गुप्त म्हणून जमा होई. सँडेफ्योर्डला जाणारा तक्ता वेगळा बनवला जाई. त्यात संरक्षित जाती गाळल्या जात, जातींची अदलाबदल होई, आणि नियमापेक्षा आखूड प्राण्यांची लांबी वाढे.

अरबी समुद्रातली ही शिकार तर मुळातच बेकायदा होती. हिंदी महासागरात 40 अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला कारखाना-जहाजाने हंपबॅक किंवा निळा देवमासा मारायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी होती. तरीही मिखालेव यांनी पुढे दिलेल्या एकत्रित हिशेबात 1963 ते 1966 या काळात या दोन तांड्यांनी अरबी समुद्रात मारलेले 1,294 निळे देवमासे आहेत, 954 स्पर्म, 849 ब्रायडीज आणि हे 242 हंपबॅक. बेरीज 3,339.

हे का घडले, याचे उत्तर आल्फ्रेड बेर्झिन यांच्या हस्तलिखितात सापडते. ते व्लादिवोस्तोकच्या मत्स्यसंशोधन संस्थेतले देवमासातज्ज्ञ. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांनी पाहिलेले सारे लिहून काढले, 1996 साली ते वारले आणि 2008 साली युलिया इवाशेंको यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून ते लिखाण जगापुढे आले. त्यांचा रोख नियोजनाच्या यंत्रणेवर आहे. तांड्याला वर्षाचे उद्दिष्ट मिळे, ते ओलांडले की बोनस आणि पदके, आणि ओलांडलेला आकडा पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टाचा पाया होई. मारलेल्या प्राण्याचे पुढे काय झाले याला महत्त्व उरत नसे. पुष्कळदा चरबी काढून बाकीचे धूड समुद्रात सोडून दिले जाई. दक्षिणेचे साठे याच रीतीने संपत आले होते. तिथल्या हंपबॅकचा सोव्हिएत अधिकृत आकडा 2,710 आहे आणि खरा 48,000 च्या वर.

ओडेसाहून अंटार्क्टिकाला निघालेल्या तांड्याला सुएझ आणि तांबडा समुद्र ओलांडला की अरबी समुद्र वाटेवरच लागे. जून 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो 1975 पर्यंत. मिखालेव यांच्या तक्त्यातली अरबी समुद्रातली शिकार 1966 ला थांबते. या दोन गोष्टींचा संबंध असावा असा माझा तर्क आहे. तो खरा असेल, तर उरलेले हंपबॅक वाचले ते एका युद्धामुळे. कोणत्याही नियमाने त्यांना वाचवले नाही.

खऱ्या नोंदी टिकल्या त्या काही माणसांच्या हट्टामुळे. कालिनिनग्राडच्या दिमित्री तोर्मोसोव यांनी हजारो देवमाशांच्या नोंदी घरच्या बटाट्यांच्या तळघरात लपवून ठेवल्या होत्या. नोव्हेंबर 1993 मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची परिषद भरली. रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार आणि स्वतः जीवशास्त्रज्ञ असलेले अलेक्सेई याब्लोकोव यांनी तिथे सांगून टाकले की आपल्या देशाने अनेक दशके खोटे आकडे दिले. पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये त्यांचे टिपण आले आणि त्यानंतर मिखालेव, तोर्मोसोव आणि त्यांचे सहकारी एकेक वही उघडू लागले.

आता कागदांच्या कसोटीकडे. मिखालेव यांचा आकडा मी खरा मानतो. पहिले कारण साधे आहे: स्वतःच्या देशाचा आणि स्वतःच्या पेशाचा गुन्हा वाढवून सांगण्यात त्यांना लाभ नव्हता. दुसरे कारण अधिक वजनदार आहे आणि ते त्या 112 माद्यांच्या पोटात होते. तिथे मोजलेल्या 38 गर्भांच्या लांबीचे तक्ते लेखात आहेत. दक्षिण गोलार्धातल्या हंपबॅक माद्या तिकडच्या हिवाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास गाभण राहतात, म्हणजे नोव्हेंबरात त्यांचा गर्भ अगदी लहान असतो. उत्तर गोलार्धातल्या माद्यांचा काळ साधारण जानेवारी ते मार्च आणि गर्भावस्था सुमारे अकरा-बारा महिन्यांची, म्हणून नोव्हेंबरात त्यांचा गर्भ पुष्कळ वाढलेला असतो. अंटार्क्टिकाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर अरबी समुद्रातले हे गर्भ उत्तरेच्या वेळापत्रकात बसले. मनाने रचलेल्या आकड्यांतून असा मेळ बसत नाही.

यातून एक जुना प्रश्नही सुटत गेला. अरबी समुद्रात हंपबॅक दिसतात हे माहीत होते. 1982 साली हॅल व्हाइटहेड यांनी 'ट्यूलिप' या शिडाच्या बोटीवरून ओमान आणि श्रीलंकेजवळ त्यांची गाणीही ध्वनिमुद्रित केली होती. पण ते दक्षिणेहून भटकत आलेले पाहुणे की इथलेच रहिवासी, यावर मतभेद होते. मिखालेव यांच्या वहीत गर्भांच्या जोडीला जठरेही आहेत आणि त्यांतल्या अनेकांत कोळंबीसारखे बारीक जीव आणि मासे सापडले होते. इतर ठिकाणचे हंपबॅक उष्ण पाण्यात विणीसाठी येतात तेव्हा जवळपास उपाशी राहतात. इथले मात्र उष्ण कटिबंधातच जेवत होते. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानसमोरचे खोल, थंड, पोषक पाणी वर आणतात, त्यामुळे त्यांना ध्रुवाकडे जावेच लागत नाही. आपल्याकडे पाऊस आणणारे वारेच या देवमाशांचे पोट भरतात. 2014 साली जनुकीय अभ्यासाने त्यावर मोहोर उठवली: हा समूह इतर हंपबॅकपासून सुमारे 70,000 वर्षे वेगळा राहिला आहे.

या समूहाच्या प्रजननाबद्दलचे सर्वांत तपशीलवार ज्ञान त्याच्या कत्तलीतून मिळाले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तपासलेल्या प्रौढ माद्यांपैकी 46 टक्के गाभण होत्या, हे वाक्य मी शास्त्रीय माहिती म्हणून वाचूच शकत नाही. त्या महिन्यात मारले गेलेले प्राणी 238 मोजले जातात. जन्मायच्या पिल्लांचा हिशेब त्यात धरलेला नाही. नोंदी ठेवणाऱ्यांना माझ्या मते पूर्ण माफी देता येत नाही, कारण ते त्याच जहाजावर त्याच पगारावर होते. पण वह्या जाळल्या गेल्या असत्या तर या प्राण्यांची संख्या इतकी कमी का, हे कोणालाच कळले नसते आणि हा समूह पहिल्यापासूनच विरळ होता असे धरून सगळे चालले असते. खोट्या तक्त्याचे सर्वांत मोठे नुकसान मला इथे दिसते.

ओमानमध्ये शेपटीच्या खालच्या बाजूच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखून संशोधकांनी अंदाज बांधला तो 82 चा. शक्यतेची मर्यादा 60 ते 111. छायाचित्रांतल्या 30 ते 40 टक्के प्राण्यांच्या अंगावर जाळ्यात अडकल्याच्या खुणा आहेत. 2008 पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा समूह 'संकटग्रस्त' म्हणून वेगळा नोंदलेला आहे.

1966 च्या नोंदीतल्या 'वायव्य भारत' या शब्दांना अलीकडे पुन्हा अर्थ आला आहे. 2017 च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-ट्रान्समीटर लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि गोव्याच्या बाजूने दक्षिणेला मन्नारच्या आखातापर्यंत गेली. गोव्याच्या पाण्यात हंपबॅकचे गाणे ध्वनिमुद्रित झाल्याचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला आहे. केंद्र सरकारने जातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात अरबी समुद्रातल्या हंपबॅकचा समावेश केला आहे. त्यासाठी आता लागणार आहेत त्या आपल्या किनाऱ्यावरच्या नोंदी: तारीख, ठिकाण, लांबी, शेपटीचा फोटो. कोकणातल्या मच्छीमाराला देवमासा दिसला की तो किनाऱ्यावर आल्यावर सांगतोच. ते सांगणे जिथे लिहून घेतले जाईल अशी वही प्रत्येक बंदरात हवी, आणि ती सगळ्यांना वाचता यायला हवी.