पित्ताची पिशवी

मराठवाड्यात कुणी नुसतं "पिशवी काढली" म्हणालं की ऐकणारा गर्भाशय समजतो. त्यामुळे आमच्याकडे "पित्ताची पिशवी" असं पूर्ण म्हणावं लागतं. तेवढ्यानेही घोळ संपत नाही, कारण मराठीत पित्त म्हणजे अ‍ॅसिडिटी! मागच्या वर्षी नांदेडला माझं पित्ताशय काढलं, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलं, "चला, आता पित्ताचा त्रास कायमचा गेला म्हणायचा." नाही हो, काका. आंबट ढेकर येतात ते जठरातलं आम्ल. पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणाची टाकी, तीही ३०-५० मिलीची. टाकी काढली तरी नळ चालूच राहतो.

दोन आठवडे हापिसला सुट्टी होती. लॅपटॉप उघडायला आईची बंदी, तरी फोन हातात होताच. मग बरं होण्याचाच इतिहास वाचत बसलो. ऑपरेशनचा इतिहास सगळेच लिहितात, पण ऑपरेशननंतर माणूस किती दिवस झोपून राहायचा, त्याला कोण काय खायला घालायचं, हा भाग मला जास्त रंजक वाटला.

पहिलं पित्ताशय काढलं गेलं १५ जुलै १८८२ रोजी, बर्लिनमध्ये. सर्जनचं नाव कार्ल लांगेनबुख, वय ३५-३६. त्याआधी फार तर पित्ताशय उघडून खडे काढायचे आणि भोक ठेवून द्यायचे. अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी १८६७ साली ते केलं होतं. लांगेनबुखचं म्हणणं असं की खडे काढून उपयोग नाही, खडे बनवणारी पिशवीच काढा. (आमच्या भाषेत, डेटा साफ करत बसू नका, बग असलेलं मॉड्यूल उडवा.) कुत्र्यांवरचे जुने प्रयोग त्याला माहीत होते. शिवाय घोडा आणि हत्ती यांना मुळात पित्ताशय नसतंच. माळेगावच्या यात्रेतले लाख-लाख रुपयांचे घोडे पित्ताशयाविना दौडतात, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं :)

त्याचा रुग्ण ४३ वर्षांचा, सोळा वर्षं कळा सोसून मॉर्फिनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी ताप नाही, आणि गडी सिगार ओढतोय! पण अंथरुणातून उठला बाराव्या दिवशी आणि घरी गेला साधारण दीड-दोन महिन्यांनी. हा आकडा लक्षात ठेवा.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. नांदेड हा जिल्हा, लातूर बाजाराचं गाव. पण आमच्या या मागास म्हणून हिणवलेल्या राज्यात, हैदराबादला, भुलीच्या शास्त्रातला एक गाजलेला वाद लढला गेला. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांची ठाम समजूत की श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. १८८८ साली त्यांनी पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसवला. लंडनच्या 'लॅन्सेट'ला पटलं नाही. मग १८८९ मध्ये दुसरा आयोग. सहावे निजाम महबूब अली खान यांनी हजार पौंड दिले आणि 'लॅन्सेट'च्या प्रतिनिधीला थेट हैदराबादेत आणलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन निकाल लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ साली लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयाची लय अचानक बिघडवू शकतो. म्हणजे निकाल चुकला होता, पण श्वासावर नजर ठेवायची सवय चांगलीच होती. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी शिकल्या, जगातल्या अगदी पहिल्या भूल देणाऱ्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. आमच्या पाठ्यपुस्तकात यातलं काहीच नव्हतं, असो.

पण हैदराबादला शास्त्र होतं म्हणून लातूरच्या बाईला उपचार मिळाला, असं नव्हे. नांदेडला १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज आली आणि हैदराबादची वाट सोपी झाली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी. १९२७ मध्ये तीच लाइन पंढरपूरच्या पुढे मिरजेपर्यंत गेली. मिरजेला विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं आणि ऑपरेशनसाठी दूरदूरचे लोक तिथे यायचे. म्हणजे लातूरला गाडीत बसलं की गेज न बदलता थेट मिरज. पोटात कळा घेऊन त्या हळू गाडीत तीनशेहून जास्त किलोमीटर... कल्पना करा.

लातूरला स्वतःचं म्हणावं असं शस्त्रक्रियेचं मोठं काम १९६६ नंतर सुरू झालं. पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी तिथे विवेकानंद रुग्णालय काढलं. १९७४ ला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, १९८८ ला नांदेडचं, २००२ ला लातूरचं.

माझ्या आत्याचं ऑपरेशन १९८७ चं, लातूरलाच, ओपन पद्धतीने. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर, स्नायू कापून. अशा जखमेत दुखणं पोटात कमी आणि श्वासात जास्त. खोल श्वास घेतला की टाके ओढतात, म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. जुन्या काळी कित्येकदा पित्ताशय बरं व्हायचं आणि फुप्फुसं दगा द्यायची. त्यात भर म्हणजे झोपून राहायची सक्ती. डॉक्टरांचाच समज होता की उठलं तर टाके उसवतील. अमेरिकेतले डॅनियल लीथॉसर १९४० च्या दशकात अपेंडिक्सच्या रुग्णांना पहिल्याच दिवशी उठवू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्यावर इतरांनाही तसं करावं लागलं. कुणाचे टाके उसवले नाहीत, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होणं कमी झालं. आत्याच्या डॉक्टरांनीही तिला दुसऱ्या दिवशी चालवलं होतं. पण आजीचं शास्त्र वेगळं. दहा दिवसांनी टाके काढून आत्या घरी आली ती थेट बाजेवर. सव्वा महिना मऊ भात, मुगाचं वरण, करडईच्या तेलाचा थेंब नाही. आणि हंडा-कळशीला हात नाही. आत्या आजही म्हणते, "लग्नानंतर मी तेवढीच झोपले बघ."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. पुढे येईल ते.

दुर्बिणीचं काय झालं ते थोडक्यात. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावात एरिख म्यूहे यांनी स्वतः बनवून घेतलेल्या नळीतून पित्ताशय काढलं. १९८६ ला त्यांनी जर्मन सर्जनांच्या परिषदेत ते मांडलं, तर लोकांनी टिंगल केली. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात फिलिप मूरे यांनी व्हिडिओ कॅमेरा लावून तेच केलं आणि जग त्यांच्या मागे धावलं. म्यूहेंवर दरम्यान एका रुग्णाच्या मृत्यूवरून खटला चालला, त्यातून ते सुटले. १९९२ मध्ये त्याच जर्मन संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. भारतात पहिलं ऑपरेशन ३१ मे १९९० ला मुंबईच्या जे.जे. मध्ये डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केलं. ते १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. त्यांचा मुद्दा मला फार पटतो: ही श्रीमंतांची चैन नाही, रोजंदारीवर जगणाऱ्यालाच लवकर कामावर जाण्याची सर्वात जास्त गरज असते.

गंमत म्हणजे 'दुर्बीण' हा शब्द खेड्यातल्या बायांना त्याआधीपासून माहीत होता. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमधलं "बिनटाक्याचं ऑपरेशन" ते हेच तंत्र.

नवीन व्हर्जन आलं की नवीन बग येतात, तसंच इथे झालं. सुरुवातीच्या वर्षांत दुर्बिणीने चुकून मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचं प्रमाण ओपनपेक्षा वाढलं. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी नियम मांडला की पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. आजही चांगला सर्जन तिथे थांबतो. आणि आत फार चिकटलेलं असेल तर ओपन करतो. त्यात सर्जनचा पराभव नाही, हे नातेवाइकांनी समजून घ्यायला हवं.

तर दीड-दोन महिन्यांचे दहा दिवस झाले आणि दहा दिवसांचा एक. मी दुसऱ्या दिवशी घरी. चार छोटी भोकं. सगळ्यात जास्त दुखला तो उजवा खांदा! पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. उपाय एकच, चालणं. दोन-तीन दिवसांत गेला. जेवणाचं म्हणाल तर टाकी नसल्याने पित्त सारखं ठिबकत राहतं, म्हणून एकदम तेलकट ताट झेपत नाही, काहींना जुलाब होतात. थोडं थोडं खा, हळूहळू सगळं सुरू होतं. मी तिसऱ्या आठवड्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, काही झालं नाही.

आता वहिनी. आत्याची सून. तिचंही दुर्बिणीने झालं, लातूरला, एप्रिल २०१६ मध्ये. तारीख वाचून लातूरकरांना कळलं असेल. नळ कोरडे, टँकरची वाट, पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून जमावबंदी. त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. रूळ आता ब्रॉडगेज, पण जवळपास त्याच वाटेने, ज्या वाटेने कधीकाळी लातूरचे रुग्ण मिरजेला जात होते.

डॉक्टरांनी वहिनीला महिनाभर जड उचलू नको म्हणून बजावलं होतं. बेंबीजवळचं भोक लहान दिसलं तरी आतला थर भरायला आठवडे लागतात आणि तिथून हर्निया होऊ शकतो. पण वरून बघणाऱ्याला काय दिसतं? चार चिकटपट्ट्या. भरलेली घागर पंधरा किलोची. पाचव्या दिवशी टँकर आला आणि घरातले पुरुष कामावर. शेजारीण म्हणाली, "काय मोठं ऑपरेशन झालंय, आजकाल तर भोकं पाडतात." आत्याच्या वेळी वीतभर चिरेनेच तिची बाजू घेतली होती, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वहिनीकडे दाखवायला काही नव्हतं. लांगेनबुखपासून म्यूहेपर्यंत सगळ्यांनी जखम लहान केली, पण घरातल्या बाईची सुट्टी जखमेच्या लांबीवर मोजली जाते हे त्यांच्या गणितात नव्हतं.

वहिनी घागर घेऊन उठली तेव्हा आत्याने तिच्या हातातून ती काढून घेतली. आत्या तेव्हा ६७ वर्षांची. स्वतः रांगेत उभी राहिली आणि मुलाला फोन करून दुकान बंद करून बोलावलं. नंतर महिनाभर रोज सकाळी पाणी भरायचं काम दादाकडे. शेजारणीला आत्याने काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनीला हर्निया झाला नाही. डॉक्टरांनी दिलेले खडे आत्याने कपाटात ठेवलेत, औषधाच्या दोन छोट्या बाटल्यांत. १९८७ च्या बाटलीत एकच, सुपारीएवढा. वहिनीच्या बाटलीत मात्र मोहरीएवढे कितीतरी. माझे मी पुण्याला येताना बरोबर आणले, तर बायकोने दुसऱ्याच दिवशी फेकून दिले.